पुस्तक उघडलं की अंगातला जीव जातो

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे, वय १५. नववीपर्यंत ८२ टक्क्यांच्या आसपास असायचा, आता घटक चाचणीत ६८ पडले. जूनपासून सकाळी ६ चा गणिताचा क्लास लावला, त्यासाठी तालमीच्या पोरांबरोबरचा सकाळचा फुटबॉल बंद केला. सव्वापाचला उठतो. ११ ते ५ शाळा, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ राजारामपुरीत दुसरा क्लास. नऊला घरी, जेवून बारा-सव्वाबारापर्यंत पुस्तक पुढ्यात. पण पुस्तक उघडलं की जांभया. रागावलं तर म्हणतो, "काय फरक पडतो?" बदाम दिले, टॉनिक दिलं, मोबाइल काढून घेतला. फुटबॉलमध्ये दमायचा तो दमही आता वाचतो, तरी अंगात जोर नाही. आळशी झालाय की काही आजार आहे? आणखी कुठली ताकदीची गोळी द्यावी का?
– एक आई, फुलेवाडी, कोल्हापूर

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी धरतो : "दमायचा तो दमही आता वाचतो." सगळी गल्लत तिथे आहे. अभ्यासाचा जोर म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे, की एक नळ बंद केला म्हणजे दुसऱ्याला जास्त येईल. गुऱ्हाळावर बघितलं असेल तुम्ही, चरकातून निघालेलं चिपाड कुणी पुन्हा चरकात घालत नाही. तुमच्या मुलाचा रस जिथून येत होता त्यातल्या दोन गोष्टी, झोप आणि मैदान, जूनमध्ये एकाच फटक्यात गेल्या. वर गुणही घसरले, म्हणजे "मला जमतं" ही तिसरी गोष्टही गेली. आता उरलेल्या चिपाडावर रात्री बारापर्यंत चरक फिरतोय.

अभ्यासातल्या ऊर्जेचा विचार करणारे मानसशास्त्रज्ञ तिच्यात तीन गोष्टी बघतात. नेदरलँड्सच्या विल्मार शाउफेली यांनी २००२ साली सहकाऱ्यांसह जी मांडणी केली, तिच्यात जोम, ओढ आणि तल्लीनता असे तीन पदर आहेत. जोम म्हणजे कंटाळा आला तरी टिकून राहायची ताकद. ओढ म्हणजे यात काहीतरी अर्थ आहे असं वाटणं. तल्लीनता म्हणजे वेळेचं भान सुटणं. याच्या उलट बाजूला असतात थकवा, "काय फरक पडतो" आणि "मला जमतच नाही". तुमच्या मुलाच्या तोंडात यातलं मधलं वाक्य आहे. त्याला उद्धटपणा समजू नका. भरपूर कष्ट करून गुण उतरतात हे बघितलेलं पोर स्वतःला वाचवायला असंच बोलतं.

आता मन बरं असणं आणि हा जोर, यांचं नातं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या मनाच्या तीन गरजा सांगितल्या : काही गोष्टी माझ्या मर्जीने व्हाव्यात, मला काहीतरी जमावं, आणि मी कुणाचा तरी असावा. या भागतात त्या मुलाला अभ्यासाला बसताना ढकलावं लागत नाही, किंवा कमी लागतं. उपाशी राहतात तिथे अभ्यास होतो, पण धाकाने होतो, आणि धाकाचा अभ्यास फार दमवतो. कॅरोल रिफ यांनी १९८९ मध्ये मनाच्या सुस्थितीचे सहा पैलू मांडले. त्यातही परिस्थितीवर पकड, आयुष्याला दिशा आणि चांगली नाती आहेत. नुसतं हसतमुख असणं म्हणजे मन बरं, असं तिथेही नाही. म्हणून "पॉझिटिव्ह विचार कर रे" असं त्याला सांगून काही होणार नाही. एक मात्र मोकळेपणाने सांगतो. हे नातं दोन्ही बाजूंनी चालतं. मन बरं असलं की अभ्यास उचलतो, आणि अभ्यास जमला की मन बरं होतं. शिवाय मन आनंदी झालं म्हणून ६८ चे थेट ९० होत नाहीत. मधे झोप, अभ्यासाची पद्धत आणि थोडा काळ असं सगळं असतं.

तर कामाला लागूया. क्रम महत्त्वाचा आहे, उलटा करू नका.

पहिलं रक्त. गोळी द्यावी का, असं विचारलंत. तपासल्याशिवाय एकही देऊ नका. देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या जवळपास ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयाचे निघाले. मुलगा आहे म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, करून घ्या. १५ आणि पुढच्या वयाच्या मुलाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय म्हणतात, मुलींमध्ये १२ च्या खाली. घरात शाकाहार जास्त असेल तर बी-१२ चं विचारा. थायरॉइड बघायचा का, ते डॉक्टर ठरवतील. लोहाची गोळी मनाने सुरू केली तर पोट बिघडतं, पोरगं चार दिवसांत ती बंद करतं, आणि खरंच गरज निघाली तर पुन्हा घ्यायला तयार होत नाही. जेवणाला लागून चहा देत असाल तर तो तासभर तरी पुढे ढकला, चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. उलट पालेभाजीवर लिंबू पिळलं तर जास्त लागतं. बदाम चालू ठेवा, वाईट नाहीत. पण पाच बदाम म्हणजे नाश्ता नव्हे. भाकरी, उसळ, अंडं किंवा ग्लासभर दूध असं पोटाला आधार देणारं काहीतरी जाऊ द्या. दुधाच्या बाबतीत कोल्हापूरकरांना आम्ही काय सांगणार!

दुसरी झोप, आणि खरा घोळ इथेच आहे. सव्वाबारा ते सव्वापाच म्हणजे ५ तास. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास लागतात. पाच दिवसांत तुमच्या मुलाची कमीत कमी १५ तासांची उधारी होते. मग रविवारी तो अकरापर्यंत लोळतो आणि तुम्ही म्हणता आळशी. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेचा इशारा देणारं मेलॅटोनिन उशिरा स्रवतं. त्यामुळे त्याला नऊला झोप येत नाही आणि पाचला जाग येत नाही. यात त्याच्या मनाचा दोष नाही. त्यातून अपुरी झोप नेमकी त्याच कामाला मारते ज्यासाठी ती तोडली : दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेत.

म्हणून सकाळी ६ चा क्लास सोडा. फी भरलीय, हे ठाऊक आहे. ती तशीही परत येणार नाही. क्लासला जाऊन त्यात झोप घालवली तर नुकसान दुप्पट. आधी क्लासवाल्यांना शनिवार-रविवारची बॅच आहे का विचारा, बहुतेक ठिकाणी असते. उठायची वेळ सव्वासहा करा, एक तास तिथल्या तिथे मिळाला. झोपायची वेळ मात्र एकदम सव्वादहावर आणू नका, तो अंथरुणात टक्क जागा राहील आणि तुम्ही म्हणाल उपाय फसला. दर तीन दिवसांनी २० मिनिटं अलीकडे घ्या. दोन तास सरकवायला सहा टप्पे, म्हणजे १८ दिवस. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर किंवा अंगणात उजेडात जाऊ द्या, घड्याळ मागे ओढायचं काम तो उजेड करतो. दुपारी ४ नंतर चहा-कॉफी नाही. कॅफीन शरीरात निम्मं व्हायलाच साधारण ५ तास लागतात, क्लासला जाताना घेतलेला कटिंग रात्री अकरालाही अंगात असतो. रविवारी उठायला तासभर उशीर चालेल, त्याहून जास्त नको. तिथेच बहुतेक घरं घसरतात. सहा दिवस घड्याळ मागे ओढायचं आणि रविवारी एका सकाळीत पुन्हा पुढे ढकलायचं, मग सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तिसरी गोष्ट मैदान. तुम्हाला पटायला अवघड जाईल ती हीच.

फुटबॉल परत द्या. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी पावणेसात ते पावणेआठ. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचालीची शिफारस करते, त्या मानाने हे कमीच आहे. पण आम्ही फक्त व्यायामासाठी सांगत नाही. वर ज्या तीन गरजा सांगितल्या, त्या तिन्ही एकाच जागी भागतात असं ठिकाण त्याच्या आयुष्यात दुसरं नाही. मैदान त्याने स्वतः निवडलेलं, तिथे त्याला काहीतरी जमतं, आणि तिथली पोरं त्याला नावाने हाक मारतात. आपल्या पेठापेठांतल्या संघांचं माणसांशी काय नातं असतं ते कोल्हापुरात राहून वेगळं सांगायला नको. जूनमध्ये तुम्ही त्याचा दम वाचवलात खरा, पण त्याचं गणगोत काढून घेतलंत.

ते परत देताना एक चूक बहुतेक पालक करतात : "चाचणीत ७५ आण, मग खेळ." तसं केलं की मैदानही परीक्षाच झालं. खेळ बिनशर्त द्या, वेळ मात्र पक्की ठेवा. पावणेआठला घराकडे निघायचं, ठरलेले तीनच दिवस, आणि हिवाळ्यात शाहू स्टेडियमवर सामने सुरू झाले की बघायला कुठल्या दिवशी जायचं ते महिन्याच्या सुरुवातीला ठरवायचं. हे आत्ताच बोलून ठेवा. नाहीतर सामन्याच्या दिवशी दारात भांडण ठरलेलं.

याच गोष्टीतून आणखी एक महत्त्वाचं कळेल. मैदान आणि झोप परत मिळाल्यावर दोन-तीन आठवड्यांत त्याच्या चेहऱ्यावर फरक दिसला, खेळून आल्यावर बडबडायला लागला, तर ही दमणूक होती. खेळायलाही जावंसं वाटत नाही, मित्र नकोत, जेवणावरून मन उडालंय, रडू येतं किंवा सतत चिडचिड, आणि हे दोन आठवडे रोजच्या रोज असेल, तर तो आळस नाही आणि दमणूकही नाही. मग मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, सीपीआरमध्येही सोय आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि "मी नसलो तरी चालेल", "मरून जावंसं वाटतं" अशा अर्थाचं काहीही तोंडून आलं तर दोन आठवडेही थांबू नका. त्याच दिवशी दाखवा, तोवर त्याला एकटं सोडू नका. "मरावंसं वाटतं का?" असं सरळ विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. उलट विचारणारं कुणी आहे हे त्याला कळतं.

आता अभ्यास. सकाळी ६ चा क्लास गेला म्हणजे साडेआठ ते सव्वादहा हा पट्टा मोकळा मिळतो. त्यात आंघोळ-नाश्ता धरून सव्वा तास खरा अभ्यास होतो. रात्री क्लासवरून आल्यावर अर्धा तास, तोही नवीन काही वाचायला नाही. रविवारी तीन तास, मधे सुट्टी घेऊन. कमी वाटेल. पण रात्री दहा ते बारा डोळे पुस्तकावर आणि डोकं उशीवर, अशा दोन तासांचा हिशेब तुम्ही कशात धरणार?

रात्रीच्या अर्ध्या तासात त्याने पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं : आज विज्ञानात काय झालं, आठवेल तेवढं. मग पुस्तक उघडून गाळलेलं लाल पेनाने भरायचं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये एक प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे. म्हणून रात्री तिसऱ्यांदा वाचताना "येतंय सगळं" वाटतं आणि पेपरात पाटी कोरी. ही युक्ती सुरुवातीला नावडती असते, कारण कागद अर्धा रिकामा दिसतो. त्याला आधीच सांगा की पहिल्या आठवड्यात असंच दिसणार.

"मला जमतं" परत आणायचं ते अगदी बारीक जागा शोधून. गणितात कच्चा म्हणून सगळं गणित काढून बसायचं नाही. चाचणीचा तपासलेला पेपर घ्या आणि चूक नेमकी कुठल्या पायरीला झाली तिथे त्यालाच पेन्सिलने गोल करू द्या. उदाहरण देतो. वर्गसमीकरण आहे : क्ष वर्ग वजा १५ क्ष अधिक ५४ बरोबर शून्य. गुणाकार ५४ आणि बेरीज १५ येणारे आकडे ९ आणि ६, हे बऱ्याच पोरांना येतं. चिन्हं बघून (क्ष वजा ९) आणि (क्ष वजा ६) असे अवयवही पाडतात. आणि शेवटी उत्तर लिहितात उणे ९, उणे ६. कारण कंसातला वजा डोळ्यासमोर असतो आणि "क्ष वजा ९ बरोबर शून्य, म्हणून क्ष बरोबर ९" ही एक ओळ लिहायचा कंटाळा केलेला असतो. अशा पोराला बीजगणित येत नाही असं म्हणणं अन्याय आहे; त्याला फक्त एक ओळ लिहायची सवय नाही. पाच दिवस रोज चार गणितं ती ओळ लिहून सोडवली की गुण परत येतात, आणि ते आपल्यामुळे आले हे त्याला दिसतं. जोर येतो तो यातून.

बसायची पद्धत : २५ मिनिटं काम, ५ मिनिटं उठून फिरणं, असे दोन-तीन फेरे. पहिल्या फेऱ्यात अर्धवट येणारा धडा घ्यायचा, सगळ्यात अवघड कधीच नाही. आणि ५ मिनिटांत मोबाइल नाही, कारण त्याची ५ मिनिटं कधीच संपत नाहीत. मोबाइल कायमचा काढून घेतलात ते मात्र परत बघा. वर्गातल्या पोरांचे निरोप, गृहपाठ, चेष्टामस्करी सगळं त्यावर असतं. रात्री पावणेदहाला बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, घरातल्या सगळ्यांचे. तुमचा आणि यजमानांचा धरून.

कुठला विषय आधी, कुठे बसून, मोठ्याने की मनात, हे त्याचं त्याने ठरवायचं. अभ्यास करायचा की नाही हे नाही. नुसतं "तू ठरव" म्हणायचं आणि त्याने इतिहास काढला की "आधी गणित घे की" म्हणायचं, अशी खोटी मोकळीक देण्यापेक्षा सरळ सांगितलेलं परवडतं.

तुमच्याकडून एकच बदल मागतो. दारात पाय ठेवताच "किती पडले?" किंवा "आज काय शिकवलं?" विचारू नका. आधी जेवू द्या. गुणांचं बोलणं आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, पंधरा मिनिटं, पेपर पुढ्यात घेऊन. चुलत भावाचे गुण त्या खोलीत आणायचे नाहीत. कौतुक करायचं तर "हुशार आहेस" नको. "ती ओळ लिहायला लागलास, तिन्ही गणितं बरोबर आली," असं नेमकं बोला.

वहीच्या मागच्या पानावर त्याने रोज तीनदा, सकाळी, शाळेतून आल्यावर आणि झोपताना, अंगातल्या जोराला ० ते ५ आकडा द्यायचा आणि पुढे दोन शब्द. पंधरा दिवसांत त्यालाच दिसेल की खेळलेल्या दिवशी संध्याकाळचा आकडा वर असतो की खाली. ते पान तुम्ही बघायचं नाही. बघितलंत हे त्याला कळलं की सगळीकडे ४ लिहून मोकळा होईल.

झोपेचा फरक दोन-तीन आठवड्यांत दिसेल. गुणांचा दोन महिन्यांआधी शोधू नका. दिवाळीच्या आधीच्या सहामाहीत कदाचित ७० च पडतील. तेव्हा घाबरून पुन्हा पहाटेचा क्लास लावू नका. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे, वेळ आहे.

आणि हो, जूनपासून माळ्यावर पडलेले त्याचे बूट काढाल तेव्हा आधी पायात घालून बघायला सांगा. या वयात पाय चार महिन्यांतही वाढतो. अंगठा पुढे टेकत असेल तर नवे घ्या, नाहीतर आठवड्यात नख काळं पडेल आणि मैदान पुन्हा बंद.